दम आणि चाळा

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक कोकणा पाडा होता. तिथे पावरी हे फुंकवाद्य वाजवणारा एक म्हातारा पावरकर राहत असे. वाळलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या नळ्या मेणाने बसवून त्याने आपली पावरी स्वतःच बांधली होती. पावरीचा सूर मध्येच तुटू द्यायचा नसतो. स्कॉटलंडचा बॅगपाइपवाला त्यासाठी काखेत हवेची पिशवी दाबतो. पावरकराची पिशवी म्हणजे त्याचे गाल. गालांतली हवा आत सोडता सोडता तो नाकाने नवा श्वास घेतो.

म्हाताऱ्याकडे दोन पोरे शिकायला येत; ती त्याला आजा म्हणत. थोरला फार कष्टाळू. आजा वाजवू लागला की तो मोबाइलवर भरून घ्यायचा आणि रात्री शेतात बसून तसेच्या तसे घोटायचा. जुना चाळा, म्हणजे पावरीवरची नाचाची धून, त्याला बारीकसारीक वळणांसकट पाठ झाला. धाकटा वाजवायचा कमी, नाचायचा जास्त. तो नाचणाऱ्यांच्या रांगेत शिरायचा, शेजारच्याच्या कमरेला हात घालायचा. कुठल्या सुराला पाय पडतो, कुठे रांग वळते, हे त्याच्या अंगात मुरत गेले.

मार्गशीर्ष आला. डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू झाला. नाचाच्या रात्री म्हाताऱ्याला खोकल्याने जेरीस आणले होते. त्याने पावरी थोरल्याच्या हाती दिली.

थोरल्याने चाळा धरला. हुबेहूब आजाच! लोक खूश झाले. पण एका वळणावर सूर क्षणभर थांबला. उचललेले पाय तसेच राहिले, रांग अडखळली. पुढच्या फेरीला तिथेच पुन्हा तेच झाले.

"सूर का तोडतोस रे?" कोणीतरी ओरडले.

"आजा असाच वाजवतो," थोरला म्हणाला.

मग धाकट्याने पावरी घेतली. त्याची वळणे सगळीच आजाची नव्हती. मध्ये एक नवी लकेर आली, एक फेरी लांबली. पण सूर तुटला नाही, पाय चुकला नाही. रांग पहाटेपर्यंत फिरत राहिली.

थोरला खाली मान घालून बसला होता. म्हातारा त्याच्याजवळ सरकला. "लेकरा, तिथे मी दम घ्यायचो. छाती पुरेना म्हणून. ते माझे म्हातारपण, चाळा नव्हे. जा, रांगेत जा. नाचून ये, मग वाजव."

थोरला उठला आणि रांगेत शिरला. पुढच्या वर्षी दोघांनी आळीपाळीने पावरी वाजवली.

वडीलधाऱ्यांकडून विद्या येते, तिच्यासोबत त्यांचा थकवाही येतो. नुसती नक्कल करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. ती विद्या ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात मिसळून जो शिकतो, त्याला काय जपायचे आणि काय सोडायचे हे कळते. मग त्याने घातलेली नवी लकेरही जुन्या चाळ्याचीच होऊन जाते.