परदेशी दत्तक: कागद कोणासाठी?

वर्तमानपत्राच्या आतील पानावर, कोर्टाच्या नोटिसा आणि हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती यांच्या मधोमध, कधी कधी एका तान्ह्या मुलाचे लहानसे छायाचित्र छापलेले असते. खाली चार ओळी असतात. अमुक तारखेस, अमुक गावच्या एस. टी. स्थानकावर हे मूल मिळून आले. वय अदमासे इतके. याच्या आईबापांनी अगर नातलगांनी अमुक मुदतीच्या आत खालील पत्त्यावर यावे, न आल्यास ते दत्तक देण्यास मोकळे आहे असे समजण्यात येईल. वाचक ते पान उलटून पुढे जातो. आम्हीही पुष्कळदा तसेच केले आहे. परंतु त्या चार ओळी ज्या प्रवासाचा पहिला कागद असतात, तो प्रवास कित्येकदा इटलीत किंवा अमेरिकेत जाऊन संपतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

मागे एका मंडळीतील बंधूने आम्हांस मोठ्या कळकळीने विचारले, "इकडे पोरके लेकरू, तिकडे रिकामा पाळणा, मग दोहोंच्या मध्ये एवढे कागद कशाला? दया करावयास परवाना लागतो काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याचा विचार येथे करावा असे आम्हांस वाटले.

प्रथम ते कागद कोणते ते पाहू. सापडलेले मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समिती त्याच्या आईबापांचा शोध करविते. मूल दोन वर्षांच्या आतील असल्यास या चौकशीस दोन महिन्यांची आणि त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांची मुदत कायद्याने घातली आहे. आईने स्वतः होऊन मूल आणून दिले असेल, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. इतके झाल्यावरच मूल दत्तकास मोकळे ठरते. मग त्याच्यासाठी घर पाहावयाचे ते आधी याच देशात. ते न मिळाल्यास परदेशातील अर्जदारांची पाळी येते. त्यांच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेने त्यांच्या घरी जाऊन प्रकृती, मिळकत, स्वभाव व संसार यांविषयी अहवाल दिलेला असतो. दिल्ली येथील केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, ज्यास थोडक्यात 'कारा' म्हणतात, ते ना-हरकत प्रमाणपत्र देते. शेवटचा हुकूम पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. मूल नव्या घरी पोहोचल्यावरही दोन वर्षे त्याच्या क्षेमकुशलाचे अहवाल इकडे यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. या सर्वांच्या मुळाशी हेग येथे २९ मे १९९३ रोजी झालेला आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि तो आपल्या देशास १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे.

आता आमच्या बंधूच्या प्रश्नाकडे वळू. दया करणारा मनुष्य चांगला असला म्हणजे पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. या बाबतीत कोरियाची हकीकत आपण प्रॉटेस्टंट लोकांनी तरी लक्ष देऊन वाचावी. १९५५ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यातील हॅरी होल्ट व त्यांची पत्नी बर्था या शेतकरी दांपत्याने कोरियातील युद्धाने पोरकी केलेली आठ मुले आपल्या घरी आणली. घरी स्वतःची सहा मुले होती. तरी त्यांच्या अंतःकरणात जागा झाली. त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. त्यांच्या प्रीतीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. त्यांचे उदाहरण पाहून हजारो ख्रिस्ती घरांनी अशी मुले मागितली, आणि मग मूल डोळ्यांनी न पाहताच केवळ प्रतिनिधीच्या सहीने दत्तविधाने होऊ लागली; १९६१ साली अमेरिकेने ती पद्धत बंद केली. युद्धाचे अनाथ तर थोड्या वर्षांत संपले, परंतु मागणी संपली नाही. पुढील अनेक दशकांत त्या देशातून सुमारे दोन लक्ष मुले परदेशी गेली. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने आपल्यापुढे आलेल्या तक्रारींपैकी ५६ प्रकरणांत मुलांचे मानवी हक्क पायदळी तुडविले गेले, असा निर्णय दिला. जिवंत आईबाप असलेली मुले अनाथ म्हणून नोंदविली गेली होती. एका मुलाच्या कागदावर दुसरेच मूल पाठविले गेले होते.

त्या दोन लक्षांपैकी पुष्कळ मुले सुखाने वाढली, शिकली, संसारास लागली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या घरांनी त्यांस घेतले ती घरे चांगली होती, एवढ्याने त्या कागदांवरील असत्य धुऊन निघत नाही. वाईट मनुष्याच्या हातून झालेला अन्याय लवकर ओळखू येतो. चांगल्या मनुष्याच्या हातून झालेला अन्याय ओळखण्यास पन्नास-साठ वर्षे लागतात, कारण करणाऱ्यास आपण उपकारच करीत आहो असे वाटत असते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे आणि ते लिहिताना आम्हांस लाज वाटते. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भयंकर भूकंप झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळ्यांचे दहा जण तेहतीस मुलांना बसमध्ये बसवून शेजारच्या देशात नेत असता सीमेवर पकडले गेले. आपण अनाथांस वाचवीत आहो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याजवळ योग्य परवानगी नव्हती; आणि चौकशी केली तेव्हा त्या मुलांचे आई किंवा बाप, कित्येकांचे दोघेही, जिवंत निघाले. आपले मूल शिकेल, खाईल, आणि आपल्याला भेटता येईल, या आशेने त्या गरिबांनी ती दिली होती. आमच्या बंधूचा प्रश्न त्या दहा जणांनीही बसमध्ये बसण्यापूर्वी स्वतःस विचारला असेल आणि त्याचे उत्तरही त्यांच्यासारखेच दिले असेल.

मोशेची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलेही जाणतात. परराष्ट्राच्या राजकन्येने नदीतून उचललेले ते मूल होय. तिला दया आली, हे खरे. पण त्या घटकेस तिला ते मूल जणू नदीचेच वाटले असावे. ते कोणाचे तरी आहे हे सांगण्यास लव्हाळ्यांपासून थोड्या अंतरावर त्याची बहीण उभी होती, आणि ती पुढे आली म्हणूनच आईच्या दुधाला ते मूल अंतरले नाही. प्रत्येक टोपलीजवळ अशी बहीण नसते. वर्तमानपत्रातील त्या चार ओळी, ते दोन महिने, तो पोलिसांचा शोध, ही सर्व खटपट तिच्या जागी उभी राहण्यासाठी आहे.

परंतु आई सापडली आणि तिने संमती दिली, तर प्रश्न मिटला काय? आमच्या मते येथेच तो खरा सुरू होतो. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी, परदेशी दत्तकाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी जे नियम घालून दिले, ते आजच्या सर्व व्यवस्थेचा पाया होत. जन्मदात्या आईवर कोणी दडपण आणू नये व तिने केले त्याचा अर्थ तिला कळलेला असावा, यावर त्यांचा कटाक्ष होता. हेगच्या करारातही आईची संमती मूल जन्मल्यानंतरच घ्यावी आणि ती पैशाने मिळविलेली नसावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

पैसा हातात दिला नाही म्हणजे संमती मोकळी झाली, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. जिचा नवरा टाकून गेला, जिला भाऊ उंबऱ्यावर उभे करीत नाही, जिच्या चुलीस दोन दिवस विस्तव नाही, तिने अंगठा उठविला तर तो अंगठा तिचा म्हणावा की तिच्या भुकेचा? एक मूल समुद्रापलीकडे नेण्यास जो खर्च येतो, त्याच्या लहानशा भागात त्या आईची कित्येक वर्षे निघाली असती. हेगच्या कराराच्या आरंभीच राष्ट्रांनी मुलास त्याच्या जन्मदात्या कुटुंबात राहता येईल असे उपाय करावेत, असे लिहून ठेवले आहे. दत्तकाचा क्रम त्यानंतरचा. आपल्या सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व ठेवले आहे, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. गावच्या पाळकांनी व पंचांनी या योजनांचे अर्ज कोठे मिळतात हे माहीत करून घेतले, तर कित्येक अंगठे उठण्याचे थांबतील.

पैशाविषयी आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाच्या संगोपनासाठी संस्थेस परदेशी पालकांनी द्यावयाची रक्कम नियमांनी ५,००० डॉलर ठरविली आहे. देशातील पालकांची रक्कम तिच्या मानाने फारच थोडी आहे. ही रक्कम उघड आहे व तिची पावती मिळते, यात वावगे काही नाही. परंतु जेथे एका दारी कमी व दुसऱ्या दारी अधिक मिळते, तेथे मूल कोणत्या दाराकडे सरकेल हे सांगावयास नको. पुण्यातील एका संस्थेचा कारभार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० साली त्याची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आली, हे आपल्या प्रांतातलेच आहे. म्हणून मुलाबद्दल कोणी बक्षीस किंवा मोबदला दिला-घेतला नाही, अशी खात्री पटल्यावाचून हुकूम देऊ नये, असे कायदा म्हणतो. आणि मुलाचे वय व समज पाहून त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे म्हणतो. ज्याच्याविषयी सर्व काही चालले आहे त्यास एकदा तरी विचारावे, ही अगदी साधी गोष्ट कायद्यात लिहावी लागली!

इतके सांगूनही, काही देशांनी केले तसे दारच लावून घ्यावे, असे मात्र आमचे मत नाही. एक लक्ष साठ हजारांहून अधिक मुले परदेशी पाठविल्यानंतर चीनने २०२४ साली ही वाट जवळजवळ बंद केली. नेदरलँड्सनेही बाहेरून मुले घेणे क्रमाने थांबविण्याचे त्याच वर्षी ठरविले. त्यांच्या अनुभवांवरून त्यांनी तसे केले असेल. पण आपल्याकडून बाहेर जाणारी मुले कोणती, हे पाहिले म्हणजे मान खाली जाते. ज्याचा पाय अधू आहे, जिला ऐकू येत नाही, जो सात-आठ वर्षांचा झाला, ज्या दोघी बहिणींची ताटातूट करता येत नाही, अशांची त्यांत मोठी भरती असते. देशातील जोडप्यांना निरोगी, गोरे आणि पाळण्यातले मूल पाहिजे असते. "आमची लेकरे परदेशी का नेता?" असे रागाने विचारणाऱ्यांपैकी कितीजण त्या अधू पायाच्या मुलास घरी नेतील? त्याच्यापुरते दार लावणे म्हणजे त्यास आश्रमाच्या भिंतीआड म्हातारे होऊ देणे होय.

आम्हां ख्रिस्ती लोकांस यात एक सबब होती. हिंदूंस १९५६ च्या कायद्याने दत्तक घेता येई. आम्हांस १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक होता येई, आणि मूल सज्ञान झाले की ते नातेही कायद्याच्या दृष्टीने संपे. घरात पंधरा वर्षे 'बाबा' म्हणणाऱ्या मुलास वारसाचा हक्क नसे. १९७२ व १९८० साली सर्वांसाठी एक दत्तक कायदा करण्याची विधेयके आली, पण ती तडीस गेली नाहीत. बाल न्याय कायद्याने ही अडचण दूर केली, आणि कोणत्याही धर्माच्या मनुष्यास या कायद्याखाली दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी निर्विवाद सांगितले. ती सबब आता उरली नाही.

विलंबाविषयी आमच्या बंधूची तक्रार मात्र अर्धी खरी आहे. आईच्या शोधासाठी लागणारा काळ मुलाच्या मालकीचा आहे. त्यातील एक दिवसही कोणी कमी करू नये. पण शोध संपला, मूल मोकळे ठरले, घर ठरले, आणि मग एखाद्या मेजावर कागद सहीवाचून पडून राहिला, तर तो काळ चोरीचा होय. दीड वर्षाचे मूल त्या अवधीत चालावयास शिकते, दाईला आई म्हणू लागते, आणि तिच्यापासूनही तुटते. कागद हवेत म्हणणाऱ्याने तो कागद हलविण्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे.

आपल्या मंडळ्यांत अशी घराणी आहेत की ज्यांचे पूर्वज १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथगृहांत किंवा केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आले. त्यांस अन्न मिळाले, विद्या मिळाली, नवे नाव मिळाले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांस मूळ गाव विचारा. कित्येकांजवळ उत्तर नाही. तीच विचारणा आता परदेशी वाढलेली, तिशी-चाळिशीला आलेली मुले येथे येऊन करीत आहेत. जुन्या शिशुगृहाच्या दारात उभे राहून ती आपला कागद मागतात. नियमांप्रमाणे या शोधात त्यांस साहाय्य करणे संस्थांचे कर्तव्य आहे. पण कागदावर एकच ओळ असते: "बेवारस सापडले."

म्हणून, कोणाच्या गावी देवळाच्या ओट्यावर किंवा विहिरीच्या काठी असे मूल सापडले, तर ते परस्पर कोणा निपुत्रिक नातलगाच्या ओटीत घालू नये. हेतू कितीही चांगला असो, तो गुन्हा होतो आणि मुलाचा माग तेथेच पुसला जातो. चोवीस तासांच्या आत पोलिसांस अगर १०९८ या क्रमांकावर कळवावे. आणि गडबडीत विसरण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवावे: कोणत्या जागी होते, किती वाजता, ऊन होते की पाऊस, गळ्यात काळा दोरा होता काय, आणि ज्यात गुंडाळले होते ते लुगडे कोणत्या रंगाचे, कोणत्या काठाचे होते.