बाळाची सुंता : आईबापांचा अधिकार कुठवर?



नववर्षाच्या पहिल्या दिवशी मिस्सामध्ये संत लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळांचा उतारा वाचला जातो. त्याच्या शेवटच्या वचनात सांगितले आहे, की आठ दिवस पुरे झाल्यावर बाळाची सुंता झाली आणि त्याला येशू हे नाव ठेवण्यात आले. जुन्या पंचांगात १ जानेवारी हा प्रभूच्या सुंतेचाच सण होता. १९६० च्या सुधारणेत ते नाव गेले आणि १९६९ पासून हा दिवस देवमाता मरियेचा सोहळा झाला. नाव गेले तसा तो शब्दही आपल्या कानावरून नुसता जातो. आम्हीही प्रवचनात त्यावर कधी थांबलो नव्हतो.

या वर्षी मात्र थांबावे लागले. मिस्सा संपल्यावर आम्ही अल्तारामागच्या खोलीत झगा उतरवत होतो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. दोनच दिवसांपूर्वी अमेरिकेत त्यांना नातू झाला होता. चेहऱ्यावर आनंद होता, पण आवाज दबलेला होता. "फादर, तिथल्या हॉस्पिटलात नर्सने कागद आणून दिलाय. बाळाची सुंता करायची की नाही ते आजच लिहून द्या म्हणते. आमचे हे म्हणतात, आपण काय मुसलमान आहोत? सूनबाई म्हणते, तिकडे सगळेच करतात, शाळेत पोराला कुणी हसायला नको. मुलगा दोघांच्या मधे सापडलाय. आपल्या धर्मात पाप आहे काय हे?"

उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. "मावशी, रात्री मुलाला आम्हांला फोन करायला सांगा," एवढेच बोललो. आपली कितीतरी मुले आज परदेशात संसार करीत आहेत आणि हा कागद त्यांच्याही पुढ्यात येणार आहे, म्हणून त्या फोनवर जे बोलणे झाले आणि जे वेळेअभावी राहून गेले, ते येथे मांडत आहोत.

आधी आजोबांच्या म्हणण्याविषयी. सुंता ही आमच्या मुसलमान शेजाऱ्यांची आहे तशी ती यहुदी बांधवांचीही आहे, आणि प्रभू येशू, संत पेत्र, संत पौल हे सगळे सुंता झालेलेच होते. लांब कशाला, आपल्या अलिबाग, पेण, रेवदंडा भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले बेने इस्राएल लोक आपल्या मुलांची सुंता आठव्याच दिवशी करीत आले. तेव्हा हा शब्द नाक मुरडून उच्चारण्याचे आपल्याला कारण नाही.

तरीही ख्रिस्तसभेने ती सोडली, आणि भांडूनच सोडली. सन ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये प्रेषितांची जी पहिली सभा भरली, ती याच प्रश्नावर. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता करून घ्यावी की नाही? नको, असे ठरले. संत पौलाने तीताची सुंता होऊ दिली नाही. पण तिमथीची, ज्याची आई यहुदी होती, त्याची स्वतः करवून घेतली. सेमिनरीत असताना आम्हांला हा विरोधाभास वाटे. पौलाच्या लेखी ती कातडी असली काय आणि नसली काय, तारणात तिने काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रेमाने कृतिशील झालेल्या विश्वासाने. फ्लॉरेन्सच्या विश्वसभेने १४४२ मध्ये कॉप्टिक ख्रिस्ती लोकांशी केलेल्या ऐक्याच्या दस्तऐवजात ख्रिस्ती लोकांना सुंतेपासून स्पष्टपणे मना केले. मात्र इजिप्त व इथिओपियातील ख्रिस्ती लोकांत रूढी म्हणून ती आजही आहे. म्हणून आजींना पहिले उत्तर असे, की धर्मासाठी सुंता करायची काहीच गरज नाही, करूही नये. पण त्या सूनबाईने धर्माचे नावच घेतलेले नव्हते. तिचा प्रश्न आरोग्याचा आणि लोकरीतीचा होता.

अमेरिकेत ही रीत आली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या काही डॉक्टरांनी अपस्मारापासून लकव्यापर्यंत नाना रोगांवर सुंतेचा उपाय सांगायला सुरुवात केली. ती कारणे एकेक करून खोटी ठरली, रीत तेवढी राहिली. इंग्लंडातही सुखवस्तू घरांत ती पसरली होती. १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले, की जन्मतः ही त्वचा आतल्या भागाला चिकटलेलीच असते आणि पुढे काही वर्षांत आपसूक सुटते, तो रोग नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये या शस्त्रक्रियेपायी, मुख्यतः भूल देण्यातून, दरवर्षी सोळाएक लहान मुले दगावतात असेही त्याने नोंदवले. तिथल्या नव्या सरकारी आरोग्यसेवेने विनाकारण सुंतेचा खर्च उचलला नाही आणि ती रीत ओसरली. अमेरिकेत मात्र २०१० मध्येही हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलग्यांपैकी सुमारे ५८ टक्क्यांची सुंता तिथेच झाली होती. म्हणजे 'सगळेच करतात' हे तिकडेही पुरते खरे नाही.

फायदा मुळीच नाही असे मात्र म्हणता येत नाही, आणि फादरांनी डॉक्टरकी करू नये हे आम्हांला मान्य आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटले, की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट सर्वांना शिफारस करावी इतके ते मोठे नाहीत, आईबापांनी ठरवावे. कॅनडाच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट सुंतेची शिफारस करीत नाही असे सांगितले. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी तर २०१० मध्ये, वैद्यकीय कारण नसेल तर लहान मुलांवर ती करू नये, असे मत दिले. एकाच विज्ञानातून तीन देशांत तीन सूर निघाले. सुंतेने लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग कमी होतो हे खरे. पण तो मुळात शंभरात एखाद्याच मुलाला होतो आणि औषधाने बरा होतो. आफ्रिकेत २००५ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या पाहण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. पण ते पुरुष प्रौढ होते, आपल्या राजीखुशीने आलेले होते आणि जिथे हा रोग घरोघर पोचला आहे अशा देशांतले होते. पाळण्यातल्या बाळाला ते गणित तसेच्या तसे लावता येत नाही.

धोका किती? प्रशिक्षित हातांनी केल्यास गंभीर त्रास पाचशेत एकाला, असे त्याच अमेरिकी संघटनेचे म्हणणे. बहुतेक वेळा तो रक्तस्राव असतो. म्हणून घराण्यात कुणाला रक्त न गोठण्याचा आजार असेल तर आधी सांगावे, आणि जन्मल्यावर देतात ते के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन बाळाला मिळाले आहे ना ते पाहावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल तर घाई नको. मूत्रछिद्र जागच्या जागी नसून खाली असेल तर मुळीच करू नये, कारण पुढे दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तीच त्वचा लागते. आणि दुखण्याचे काय, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. नवजात बाळाला वेदना फारशी कळत नाही असे समजून एकेकाळी भुलीशिवायच कापत असत. १९८० च्या दशकात ती समजूत डॉक्टरांनीच खोडून काढली. आज त्या जागेपुरते बधिर करण्याचे इंजेक्शन देता येते. "साखरेचे पाणी चाटवू, एका मिनिटाचे काम आहे," एवढेच कुणी सांगत असेल तर बाळ उचलून घरी यावे.

परदेशात कुणी नाही म्हणून ज्यांनी येथवर नुसते वाचत आणले, त्यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नाही म्हणून आया घाबरतात, कुणी सांगितले म्हणून आंघोळीच्या वेळी ती जोराने मागे ओढतात, आणि मग खरोखरच जखम होऊन वण धरतो. कृपा करून ओढू नका. डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी १९६८ मध्ये शाळकरी मुलांच्या पाहणीतून दाखवले, की ती सुटण्याची क्रिया कित्येक मुलांत पार किशोरवयापर्यंत चालते. वारंवार जंतुसंसर्ग, पांढरा कडक वण, लघवी अडणे अशी लक्षणे असतील तर मात्र डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रियेआधी मलमाने भागते का ते विचारावे, आणि नाहीच भागले तर निर्धास्तपणे सुंता करून घ्यावी. तो उपचार आहे, त्याचा धर्माशी संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. निरोगी बाळाच्या निरोगी अवयवाचा भाग त्याला न विचारता काढून टाकण्याचा अधिकार आईबापांना आहे काय? पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये डॉक्टरांसमोर बोलताना सांगितले, की माणूस आपल्या शरीराचा मालक नव्हे, ते त्याला वापरायला दिलेले आहे. संपूर्ण देहाच्या भल्यासाठी एक भाग गमवावा लागला तर चालते, एरवी नाही. आपला कॅटेकिझमही उपचाराचे कारण नसताना अवयव कापणे नीतिबाह्य मानतो. सुंतेचे नाव तिथे नाही आणि एवढ्याशा त्वचेला तो नियम लागतो की नाही यावर कॅथलिक ईशज्ञानीही एकमताचे नाहीत. पण जिथे मी स्वतःच्या देहाचा मालक नाही, तिथे मुलाच्या देहाचा कसा असेन? आईबाप हे राखणदार आहेत.

हे आम्ही आपल्या युवकांच्या बैठकीत बोललो तेव्हा एका मुलाने पटकन विचारले, "मग फादर, बाप्तिस्मा तरी तुम्ही बाळाला कुठे विचारून देता?" सगळे हसले. आम्ही हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता. संत थॉमस अक्वायनस म्हणतात, की विवेक येईपर्यंत मूल आईबापांच्या छायेत असते, जसे आधी गर्भात होते तसे. आणि याच आधारावर त्यांनी यहुदी मुलांना आईबापांच्या मर्जीविरुद्ध बाप्तिस्मा देण्याला विरोध केला. भाषा, जेवण, शाळा, श्रद्धा हे सगळे आपण न विचारताच देतो. न देणे हाही एक निर्णयच असतो. बाप्तिस्म्याने आत्म्यावर कायमची मुद्रा उमटते असे आपण मानतो, तेव्हा त्याची खूण राहत नाही असे सांगून आम्हांला सुटता येणार नाही. पण तो देतो, काढून घेत नाही. उद्या तो मुलगा देवळापासून दूर गेला, तर आम्हांला दुःख होईल, पण त्याच्या देहातून आपण काही घेतलेले नसेल. त्या युवकाचे याने समाधान झाले की नाही ठाऊक नाही. मागून एका मुलीने आणखी विचारले, "आमचे कान टोचले ते?" आमच्या घरीही बहिणींचे कान पाळण्यातच टोचले गेले आणि त्या रडण्याचा कुणी विचार केला नव्हता. भोक बुजू शकते, कापलेले परत येत नाही, एवढा फरक आम्ही दाखवला. पूर्ण उत्तर आमच्याकडे नव्हते.

म्हणून आम्हांला एक साधी कसोटी बरी वाटते : थांबल्याने मुलाचे काही बिघडणार आहे काय? लस थांबवली तर बिघडू शकते. सुंता थांबवली तर, आजार नसताना, सहसा बिघडत नाही. मोठेपणी ती जास्त त्रासाची होते, टाके पडतात, बरे व्हायला वेळ लागतो, हे खरे आहे आणि ते पारड्यात घालायला हवे. तरीही आमचे माप थांबण्याकडे झुकते. अठराव्या वर्षी स्वतःच्या सहीने तो काय ते ठरवील. ज्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, भल्यासाठी म्हणून मुलाची सुंता केली आहे, त्यांनी पाप केले असे मात्र आम्ही म्हणणार नाही आणि कुणी म्हणू नये.

हे आमच्या लोकांसाठी झाले. जर्मनीतील कोलोन येथील न्यायालयाने २०१२ मध्ये धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली, तेव्हा यहुदी आणि मुसलमान बांधव हवालदिल झाले, आणि तिथल्या कॅथलिक बिशपांनी त्या निकालावर टीका करून त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने नियम घालून सुंतेला परवानगी दिली. ज्या ख्रिस्तसभेने आपल्यांना मना केले तिने इतरांच्या अधिकारासाठी बोलावे यात आम्हांला विसंगती दिसत नाही. त्यांच्यासाठी तो करार आहे. आमच्या कसोटीत तो नीट बसत नाही, हेही आम्ही कबूल करतो.

त्या रात्री साडेनऊला फोन आला. मुलगा थकलेला होता, मागे बाळ रडत होते. शाळेत हसण्याविषयी आम्ही सूनबाईशी बोललो. तिला लहानपणी सावळ्या रंगावरून हसत असत, हे तिने तेव्हा सांगितले. आम्ही ऐकून घेतले. बापाला म्हटले, "आजच लिहून द्या असे नर्स म्हणत असेल, पण 'अजून ठरवले नाही' असेही लिहिता येते." त्याला ते सुचलेच नव्हते. शेवटी त्यांनी काय लिहिले ते आम्ही विचारले नाही, आजींनीही सांगितले नाही. मे महिन्यात सगळे गावी येणार आहेत. बाप्तिस्म्यासाठी बाळाचा जन्मदाखला आणि धर्ममातापित्यांचे आपापल्या धर्मग्रामातील पत्र सोबत आणावे, असा निरोप आजींकडे दिला आहे.