नाममुद्रा

गायकाचा पहिला अल्बम हाती आला की आपण गाणी ऐकण्याआधी मुखपृष्ठावरचे नाव वाचतो. 1973 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ग्राम पार्सन्स या कंट्री-रॉक गायकाचा पहिला एकल अल्बम आला तेव्हा, गावाकडच्या चालींना रॉकची धग देणाऱ्या या तरुणाने शीर्षक म्हणून नुसती आपली आद्याक्षरे ठेवली, ‘जीपी’. आतली काही गाणी त्याची, काही इतरांची, साथीला प्रत्यक्ष एल्विस प्रेस्लीचे वादक, आणि वर नाव मात्र एकट्याचे. त्यात अहंकार शोधणे मला अरसिकपणाचे वाटते. नव्या गळ्याने जगापुढे येताना आपले नाव सांगितले तर बिघडले कुठे? पण गाण्यात नावाची जागा कोणती, आणि तिथे बसून ते नाव करते काय, हा विचार मनात आला की माझे मन आपल्या हिंगोली जिल्ह्यात, कयाधूकाठच्या नर्सीला येऊन थांबते.

नर्सी हे नामदेवरायांचे जन्मस्थान. साल 1270, घर शिंप्याचे. परंपरा त्यांना आद्य कीर्तनकार मानते, पण त्यांच्या मुखातून निघालेला पहिला अभंग कोणता, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण त्यांच्या गाण्याला मुखपृष्ठच नाही. आहे ती नाममुद्रा, आणि तीही शेवटच्या चरणात. सगळे विनवून झाले, देवाशी भांडून झाले, रुसून झाले, की मग ‘नामा म्हणे’ एवढे दोन शब्द येतात. पंढरीच्या महाद्वारी या थोर भक्ताने स्वतःसाठी मागितलेली जागाही पायरीचीच होती, हे इथे आठवावे.

ही मुद्रा कीर्तनात काय करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. बुवा शेवटच्या चरणाशी येतात, पखवाजाची लय चढते, मागचे टाळकरी एक पाऊल पुढे सरकतात, आणि नेमक्या त्या क्षणी बुवांच्या तोंडून ‘नामा म्हणे’ निघते. गळा बुवांचा, श्वास बुवांचा, आणि म्हणणारा मात्र सातशे वर्षांपूर्वीचा नामा; टाळकऱ्यांनी तोच चरण उचलला की तो नामा एकाचाही राहत नाही. मुखपृष्ठावरचे नाव सांगते की हे गाणे माझे. मुद्रेतले नाव मात्र प्रत्येक गाणाऱ्याला आपल्या आत उभे राहायला जागा देते, आणि म्हणून मुद्रेला मालकीचा शिक्का समजणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही.

जवळच्याच गंगाखेडच्या जनाबाईंनी तर स्वतःची मुद्रा घडवतानाही नामयाची दासी म्हणूनच आपली ओळख दिली. त्यांची कविता स्वयंभू तेजाची, कोणाच्या सावलीतली मुळीच नव्हे, तरीही नावाशेजारी नाव ठेवण्यात त्यांना उणेपणा वाटला नाही. पुढे काही शतकांनी विष्णुदास नामा हे कवी झाले, त्यांच्या रचना नामदेवांच्या रचनांत मिसळल्या, आणि 1970 साली महाराष्ट्र शासनाने नामदेव गाथा प्रसिद्ध केली तरी कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, हा वाद काही मिटला नाही. संशोधकांनी ते निवडून काढावे, ते त्यांचे कामच आहे. पण आपल्या नावाचा दुसरा कोणी गातो याची चिंता त्या आदल्या नाम्याला लागली असती, असे मला वाटत नाही. ज्याने ज्ञानदेवांची कथा ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांतून इतक्या ओलाव्याने गायिली, त्याला दुसऱ्याच्या नावाला आपला कंठ देणे नवे नव्हते.

आणि मुद्रेचे हे मर्म केवळ मराठीपुरते नाही. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला त्यांचे स्थान झाले, आणि 1604 साली गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांची 61 पदे रागवार बसवली गेली. त्याच ग्रंथात नानकांनंतरच्या गुरूंनी आपापल्या पदांत ‘नानक’ हीच मुद्रा घातली आहे. पद कितव्या गुरूंचे, ते ‘महला’ या शब्दापुढच्या अंकावरून ओळखायचे. तिथे नाव व्यक्तीचे उरत नाही, ते ज्योतीचे होते, आणि त्या ज्योतीशेजारी नर्सीच्या शिंप्याचे नावही तितक्याच मानाने बसते.

पार्सन्स बिचारा ‘जीपी’ आला त्याच वर्षी सप्टेंबरात, सव्विसाव्या वर्षी गेला. त्या अल्बमवर त्याच्याबरोबर गायिलेल्या एमिलू हॅरिसने पुढे कित्येक वर्षे त्याची गाणी मैफलीत जिवंत ठेवली, तेव्हा त्याचे नाव मुखपृष्ठावरून दुसऱ्याच्या कंठात उतरले. नामदेवांच्या नावाला तर हा प्रवास फिरून घरापर्यंत घडला. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी आदिग्रंथालाच गुरुपद दिले ते हिंगोलीला लागून असलेल्या नांदेडात, आणि कयाधूकाठचा नामा पंजाबची वाट चालून, गुरुमुखी लिपी लेवून, गोदाकाठच्या दरबारात आजही गायिला जातो.