घर सोडावं, विस्तव सोडू नये

वानप्रस्थ आणि संन्यास यांत फरक काय, असं विचारलं तर बहुतेक जण वयाचा हिशेब सांगतात. धर्मशास्त्राने मात्र हा फरक अग्नीवरून केला आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वनात निघालेला गृहस्थ गावचं अन्न आणि घरचं सामानसुमान मागे ठेवतो, पण घरचा अग्नी आणि त्याची उपकरणं बरोबर नेतो. पुढे संन्यास घेताना तो अग्नीही सुटतो. तो आपल्याच ठायी सामावला असं मानायचं. मग चूल नाही, छप्पर नाही, मुक्काम नाही. मान मोठा मिळाला तो या दुसऱ्याला. वानप्रस्थ अधलामधला राहिला, आणि काही ग्रंथांनी तर त्याला कलिवर्ज्यांत घालून कलियुगापुरता बंदच केला. म्हातारपणाला या दोहोंतलं कोणतं मानवतं, हा प्रश्न गेले काही हिवाळे माझ्या डोक्यातून जात नाही. माझं उत्तर वानप्रस्थाच्या बाजूचं आहे.

मी मूळची वाईची. ब्रिस्टलच्या एका रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्त झाले, मुलं आपापल्या गावी स्थिरावली, आणि आम्ही दोघांनी घर विकून नॅरोबोट घेतली. इथल्या कालव्यांवरची पुष्कळशी जुनी लॉकं, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दारं, जेमतेम सात फूट रुंदीची, म्हणून ही लोखंडी बोट ६ फूट १० इंच रुंद. आमची लांबी ५७ फूट. तासाला चार मैलांच्या वर न्यायची नाही. आम्ही केनेट अँड ॲव्हॉन कालव्यावर असतो. जॉन रेनी या अभियंत्याचा हा कालवा १८१० मध्ये पुरा झाला, रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैलांचा जलमार्ग त्याने जोडला, पुढे रेल्वे आली आणि त्याची रया गेली. १९५० नंतर तर तो सलग जाण्याजोगाही उरला नाही. ज्यांना त्यातून एक पैसा मिळायचा नव्हता अशा माणसांनी वर्षानुवर्षं गाळ उपसला, लॉकं पुन्हा उभी केली, आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते तो परत खुला झाला. त्यांतले कितीतरी निवृत्त लोक होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढच्या बोलण्याशी त्याचा संबंध आहे.

आमच्या बोटीला कायमची जागा नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा बोटीने एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त थांबू नये. परिव्राजकालाही असंच सांगितलेलं आहे: एका गावी रेंगाळू नकोस, पावसाळ्यात मात्र एका जागी राहा. आपला चातुर्मास तो, बौद्ध भिक्षूंचा वर्षावास तोच. इथल्या कायद्यातही परिस्थिती पाहून वाजवी असेल तितकं जास्त थांबायची मुभा आहे. नदीला पूर आला, कालवा गोठला, पुढचं लॉक दुरुस्तीला काढलं की बोट थांबते. लॉकांची मोठी दुरुस्ती नोव्हेंबर ते मार्च याच काळात काढतात. त्यामुळे आमचा चातुर्मास हिवाळ्यात येतो आणि वादळं घेऊन येतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात बर्ट आलं, त्याच्या मागोमाग कॉनल, आणि ६ डिसेंबरच्या शुक्रवारी डॅरा. वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या सुमारे ३० लाख लोकांच्या फोनवर सरकारने त्या संध्याकाळी धोक्याचा भोंगा वाजवला. आम्ही लाल इशाऱ्याच्या पट्ट्याबाहेर, ब्रॅडफर्ड-ऑन-ॲव्हॉनच्या पश्चिमेला होतो, पण वारा रात्रभर होताच. कालव्यात बोट बुडायची भीती फारशी नसते. भीती झाडांची आणि खुंट्यांची. पावसाने काठाची माती लोण्यासारखी झालेली असते, वाऱ्याचा झोत बोटीच्या कुशीवर आदळला की दोर ताणतो आणि खुंटी सुळकन वर येते. म्हणून दुपारीच आम्ही बोट अॅशच्या झाडांखालून काढून मोकळ्यावर आणली आणि प्रत्येक दोराला दोन-दोन खुंट्या एकमेकींना छेद देऊन ठोकल्या. छपरावरची चिमणी काढता-घालता येणारी असते, कारण पुलाखालून जाताना ती उतरवावी लागते. तिची साखळी तपासली. मग आत येऊन मी स्टोव्हपुढे बसले.

हा स्टोव्ह म्हणजे गुडघ्याएवढा ओतीव लोखंडाचा ठोकळा, पुढे काचेचं दार. लाकूड जाळायचं तर त्याला वरून हवा लागते आणि कोळशाला खालून, हे एकदा हाताला कळलं की निम्मं काम झालं. रात्री जाळी हलवून राख खाली पाडायची, पण सगळी नाही. लाल निखाऱ्यांवर बिनधुराचा कोळसा रचायचा, तो वरून निळसर पेटेपर्यंत खालची झडप उघडी ठेवायची आणि मग ती केसभर फट राहील इतकी फिरवायची. जास्त उघडी राहिली तर पहाटे तीनला कोळसा संपतो, अगदी बंद केली तर आग घुसमटते. वाईला आमची आजी रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी फुंकणीने जागे करायची. तिचे हात माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तिला अग्निहोत्र कुणी दिलं नव्हतं, पण तिच्या चुलीतला विस्तव माझ्या आठवणीत कधी विझला नाही.

अग्नी राखायचा म्हणजे दार-खिडक्या गच्च लावून बसता येत नाही. बोटीला भिंतीत आणि छपरात कायमचे उघडे झरोके असतात. त्यांत चिंध्या कोंबल्या तर स्टोव्हमधला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. २०१९ पासून त्या वायूची सूचना देणारा गजर राहण्याची सोय असलेल्या प्रत्येक बोटीत सक्तीचा आहे. बाहेर बोचरा वारा, आणि त्याच वाऱ्याला थोडं आत घ्यायचं, तेव्हाच ऊब मिळणार. मी याच्याकडे केवळ सुरक्षिततेचा नियम म्हणून पाहू शकत नाही. जो आग पाळतो त्याला बाहेरच्यासाठी कुठेतरी उघडं राहावंच लागतं.

त्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर छपरावर कोणीतरी थापा मारल्या. आमच्या मागे बांधलेल्या बोटीतले गृहस्थ होते. एकटे, लॉरी चालवून निवृत्त झालेले, सोबत म्हातारा कुत्रा. जनरेटरच्या आवाजावरून त्यांचं आणि आमच्या ह्यांचं उन्हाळ्यात इतकं बिनसलं होतं की दोघांत विस्तव जात नव्हता. त्यांच्या चिमणीची साखळी तुटली होती, चिमणी कालव्याच्या तळाला गेली होती, धूर आत कोंडायला लागला म्हणून स्टोव्ह विझवावा लागला होता. ह्यांनी काही न बोलता दार उघडलं आणि कुत्र्याला उचलून आत घेतलं. मी पिठलं टाकलं. भात दुपारचा होता. त्यांनी पिठलं जन्मात पाहिलं नव्हतं. दोनदा मागून घेतलं. सकाळपर्यंत तिघं स्टोव्हभोवती बसून होतो, बोट दोराला हिसके देत होती, आणि ते आपल्या वारलेल्या बायकोबद्दल बोलत होते.

मनूचा वानप्रस्थी वनात गेला तरी पंचमहायज्ञांतून सुटत नाही. आश्रमात जो येईल त्याला पाणी, कंदमुळं, फळं, असेल ते द्यायचं, ही त्याच्यावरची अट कायम आहे. अग्नी बरोबर नेण्याचं कारण मला यात दिसतं. ज्याच्याकडे विस्तव आहे त्याच्याकडे कोणीतरी येऊ शकतं. संन्यासी सगळीकडे पाहुणा असतो, भिक्षेला जातो. वानप्रस्थी घर सोडूनही यजमान राहतो.

परिचारिका म्हणून मी म्हातारी माणसं फार पाहिली. शरीर थकल्याने खचलेली पाहिली, त्याहून जास्त संख्येने खचलेली पाहिली ती सगळीकडे पाहुणी होऊन बसलेली. लेकाच्या घरी पाहुणी, लेकीच्या घरी पाहुणी, वॉर्डात पाहुणी. त्यांना सगळं मिळत होतं. त्यांच्याकडे कोणी काही मागत नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्या एका बाईंना मी एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भरवायला सांगितलं. त्या उठून बसल्या, केस नीट केले आणि चमचा हातात घेतला. त्यांच्या औषधात आम्ही काहीही बदल केला नव्हता. निवृत्तीला आलेल्या माणसाला आपला समाज सांगतो, आता सोडा, सुटा, आराम करा. हा अर्धाकच्चा संन्यास आहे. वैराग्याशिवाय अग्नी काढून घेतला तर माणूस मुक्त होत नाही, गारठतो.

वैराग्य खरोखर आलं असेल त्याची गोष्ट वेगळी. जाबालोपनिषद तर म्हणतं की ज्या दिवशी वैराग्य येईल त्या दिवशी निघावं, आश्रमांचा क्रमही पाहू नये. तशा माणसापुढे मी हात जोडते. पण गीतेच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितलं आहे की नुसता अग्नी टाकल्याने, कर्म थांबवल्याने कोणी संन्यासी होत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ वडिलांच्या कपाटात होतं, ते आता बोटीच्या फळीवर आहे. पुस्तकं बोटीला जड होतात, ओल धरतात, तरी ते ठेवलं. ज्ञान झाल्यावरही लोकांसाठी कर्म करत राहावं हे त्यातलं सांगणं मला तरुणपणी कर्तव्याचा बोजा वाटायचं. आता तेच म्हातारपणाचा आधार वाटतं.

कोणी म्हणेल, स्टोव्हची एवढी काळजी म्हणजे आसक्तीच की. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. घर विकताना कळलं की घर साठत जातं. माळ्यावरचे खोके, वापरात नसलेली भांडी, कोणाच्या तरी लग्नात मिळालेल्या चादरी. विस्तव साठवता येत नाही. कालचा आज उपयोगी नाही. आजचा आज द्यावा लागतो, आणि रोज सकाळी राख उचलून बाहेर न्यावी लागते. ज्याची रोज राख होताना आपण पाहतो आणि जे रोज नव्याने जोपासतो त्यात मालकी कुठे चिकटत नाही. परिग्रह सोडायचा तो घराचा, वस्तूंचा. सांभाळ सोडायचं कारण नाही.

एक दिवस पंचवीस किलोची कोळशाची गोणी मला उचलणार नाही. तेव्हा बोट जाईल, हे मला माहीत आहे. पण शास्त्राचीच रीत पाहा: ज्याने आयुष्यभर अग्नी राखला त्याचं दहन त्याच्याच अग्नीने करायचं, संन्याशाला दहनच नाही, त्याला समाधी देतात. राखणाऱ्याची सोबत अग्नी शेवटपर्यंत करतो. मला हे भयंकर वाटत नाही, त्याचा धीर वाटतो.

राहिली एक गोष्ट, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. वनात जाताना बायकोला मुलांच्या हवाली करावं किंवा बरोबर न्यावं, असे दोन पर्याय मनूने पुरुषाला दिले आहेत. तिला विचारावं, असा तिसरा पर्याय तिथे नाही. याज्ञवल्क्य घर सोडताना पत्नी मैत्रेयीशी बोलले, ते बोलणं उपनिषदात अमर झालं. दुसऱ्या पत्नीशी, कात्यायनीशी, ते काय बोलले, ते नोंदलेलं नाही. वास्तविक गृह्य अग्नी विवाहात पेटतो, तो दोघांचा असतो, पत्नीवाचून अग्निहोत्र नाही. मग तो एकट्याने टाकता कसा येईल? आळंदीचे विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, घरी पत्नी आहे हे गुरूंना कळलं तेव्हा गुरूंनीच त्यांना रुक्मिणीबाईंकडे परत पाठवलं. गावाने त्या कुटुंबाला वाळीत टाकलं, पण माझ्या मते त्या गुरूंचा निवाडा बरोबर होता.

आमची बोट घ्यायची कल्पना ह्यांची होती. त्यांनी मला विचारलं, मी वर्षभर नाही म्हटलं, त्यांनी वर्षभर वाट पाहिली. निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचं, आश्रमात जायचं, नर्मदा परिक्रमेला निघायचं असं मनात घोळवणारे पुरुष वाचकांत बरेच असतील. त्यांना माझी विनंती आहे: बेत ठरवण्याआधी घरातल्या बाईला विचारा, आणि तिच्या उत्तरासाठी थांबा.