खऱ्याचा हट्ट

२०२३ साली नील ब्लोमकॅम्प यांनी दिग्दर्शित केलेला ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा चित्रपट आला. वेल्समध्ये वाढलेल्या यान मार्डनबरो या तरुणाची ही गोष्ट. घरी प्लेस्टेशनवर शर्यतीचा गेम खेळता खेळता तो २०११ साली ‘जीटी अकॅडमी’ ही स्पर्धा जिंकला, खराखुरा ड्रायव्हर झाला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात सहकाऱ्यांसह तिसरा आला. इथवर सगळं घडलेलं आहे. पुढे मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर त्याची गाडी हवेत उडून कुंपणापार गेली आणि एक प्रेक्षक मरण पावला. चित्रपटात मात्र हा अपघात ल मान्सच्या आधी घडतो. नायक खचतो, सावरतो आणि यश मिळवतो. एका माणसाचा मृत्यू दोन वर्षं मागे ओढून नायकाच्या जिद्दीची पायरी म्हणून वापरला गेला.

मी रेसिंग सिम्युलेटरचा, म्हणजे स्टिअरिंग आणि पेडल जोडून पडद्यावर खेळायच्या शर्यतीचा, चाहता आहे आणि हा फेरफार मला अजून बोचतो. त्यामागे एक समजूत आहे: पडद्यावरचा खेळ खऱ्या डांबरावर पोचला तरच त्याला किंमत, आणि खरेपणाची साक्ष जितकी भयंकर तितकी ती पक्की. ही समजूत फक्त चित्रपटवाल्यांची असती तर मी हा लेख लिहिला नसता. ती आपल्या घराघरांत आहे. मुलगा बुद्धिबळ खेळतो म्हटलं की रेटिंग विचारलं जातं, मुलगी गाते म्हटलं की परीक्षा कितवी झाली ते. चाळिशीतला माणूस रात्रीच्या जेवणानंतर स्टिअरिंगपुढे बसला तर ‘यातून पुढे काय?’ हा प्रश्न ठरलेला. मला वाटतं, सिम्युलेटर कधीच खरा होत नाही, यातच त्याचं मोल आहे.

न्यूरबर्गरिंगचंच घेऊ. तिथला जुना लांब ट्रॅक, नॉर्डश्लायफे, १९२७ साली खुला झाला. आयफेलच्या डोंगरातल्या जंगलातून वळत जाणारा २०.८ किलोमीटरचा रस्ता; सत्तरहून अधिक वळणं आणि सुमारे तीनशे मीटरचा चढउतार. फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट यांनी त्याला ‘हिरवा नरक’ हे नाव दिलं. त्यांनीच १९६८ साली तिथली शर्यत पावसात आणि धुक्यात चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली. १ ऑगस्ट १९७६ रोजी बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे निकी लाउडा यांची फेरारी आदळून पेटली. ते वाचले, पण फॉर्म्युला वनची शर्यत त्या जंगलातल्या रस्त्यावर पुन्हा कधी झाली नाही.

आज हाच रस्ता लेसरने मोजून सिम्युलेटरमध्ये उतरवलेला आहे. डांबरावरचे उंचवटे, वळणाच्या कडेचे लाल-पांढरे कर्ब, उतारावर गाडी हलकी होते ती जागा, सगळं. तो पाठ करायला महिने लागतात. आडेनाउअर फोर्स्ट नावाची एक जागा आहे. तिथे वळण दिसायच्या आतच ब्रेक लावावा लागतो. डोळ्यांवर भरवसा ठेवून थांबलात तर गाडी गवतात गेलीच म्हणून समजा. फ्लुगप्लाट्झच्या उंचवट्यावर चाकं जमीन सोडू पाहतात, म्हणून चढ संपण्याआधीच वेग आवरून गाडी सरळ करून घ्यावी लागते. मार्डनबरोची गाडी उडाली ती हीच जागा. मी तिथून जातो तेव्हा चूक झाली तर एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. कुंपणापलीकडे जिवंत माणूस नाही हे मला माहीत असतं, आणि म्हणूनच मी त्या उंचवट्याचा अभ्यास निर्धास्तपणे करू शकतो.

शर्यतीची गोडी जिवावरच्या धोक्यात असते असं मानणारे पुष्कळ आहेत. ते खरं असतं तर धोका काढून घेतल्यावर मागे काही उरायलाच नको होतं. प्रत्यक्षात फार काही उरतं. चांगल्या पेडलमध्ये ब्रेक किती खाली गेला हे मोजत नाहीत, पायाने किती दाब दिला ते मोजतात. वळणाच्या तोंडाशी पूर्ण दाब द्यायचा आणि स्टिअरिंग वळू लागलं की तो दाब थोडा थोडा सोडत जायचा. एकदम सोडला तर पुढच्या चाकांवरचा भार जातो आणि गाडी वळायचं नाकारते. पुढच्या टायरांची पकड सुटू लागली की हातातलं स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. खऱ्या गाडीत ही खबर आधी पाठीला आणि पोटाला कळते. खुर्ची जमिनीला खिळलेली असताना ती फक्त हातांतून आणि डोळ्यांतून मिळते, त्यामुळे हात आणि डोळे यांच्याकडे जे लक्ष द्यावं लागतं त्याला दुसरा शब्द एकाग्रता हाच आहे. तबलजी एकच कायदा तासन्‌तास घोटतो, तसं एकच वळण घोटत बसायचं. दिवसभरात दुसऱ्या कोणत्याही गोष्टीला माझं इतकं सलग लक्ष मिळत नाही. फोनवर बोट फिरवत घालवलेल्या वेळालाही आपण करमणूकच म्हणतो, पण त्या वेळानंतर मन होतं त्याहून विखुरलेलं असतं. करमणुकीची पारख करायचीच असेल तर ती तिच्या उपयोगावरून करू नये, ती आपल्याकडून किती लक्ष मागते यावरून करावी.

‘हा खऱ्या शर्यतीकडे जाणारा रस्ता आहे’ हा सिम्युलेटरचा नेहमीचा बचाव मला कमजोर वाटतो. मार्डनबरोसारखे थोडे पोचले. अमेरिकेच्या नॅस्कारमधला विल्यम बायरनही आधी घरच्या संगणकावरच शिकला. पण उरलेल्या असंख्य लोकांचं काय? त्यांचा वेळ वाया गेला का? या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर मॅक्स व्हर्स्टापेनकडे पाहून मिळतं. चार वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला हा माणूस मोकळ्या वेळात घरी सिम्युलेटरवर चोवीस-चोवीस तासांच्या शर्यतींत भाग घेतो. त्याला कुठे पोचायचं आहे? खरी गाडी, खरा वेग, खरा मान त्याच्याकडे आहेच. तरी तो बसतो, कारण खेळ चांगला आहे.

करमणुकीला कमी लेखण्याचा हा प्रश्न आपल्या देशात एकदा सरकारदरबारीही गेला होता. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही शर्यती सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. ही क्रीडास्पर्धा की करमणूक, यावरून करमणूक कराचा वाद झाला, आणि २०१४ पासून शर्यत बंद पडण्यात कराच्या वादांचा मोठा हात होता. खेळ म्हटलं की प्रतिष्ठा आणि करमणूक म्हटलं की कर, ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते. माणूस मन लावून रमतो त्या गोष्टीला करमणूक म्हणण्यात कमीपणा कसला?

सिम्युलेटरच्याच कुळात एक फार विचार करायला लावणारा गेम आहे: ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’. प्रागच्या एका कंपनीने तो २०१२ मध्ये काढला. यात शर्यत नाही. एका गोदामातून माल उचलायचा, सिग्नल पाळत, वेगमर्यादा सांभाळत, झोप आली तर थांबत दुसऱ्या देशातल्या गोदामात पोचवायचा. युरोपचा नकाशा १:१९ या प्रमाणात लहान केलेला आहे. दिवसभर नोकरी करून आलेली माणसं संध्याकाळी पुन्हा नोकरीच करतात, आणि सुखावतात. याचं कारण मला असं दिसतं की आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या कामाला शेवट नसतो. ईमेलला उत्तर दिलं की दुसरं येतं, बैठकीतून पुढची बैठक निघते. तिथे मात्र ट्रेलर जागेवर लागतो, हुक सुटतो, काम संपतं. नॉर्डश्लायफेवरची लॅप, म्हणजे एक फेरी, तशीच संपते. आठ-नऊ मिनिटांत ती बरी झाली की वाईट, ते कळतं. आपल्या रोजच्या जगण्यात या गोष्टीची किती टंचाई आहे, हे मला या खेळांनी दाखवलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ‘आयरेसिंग’ या ऑनलाइन सिम्युलेटरचा एक नियम सुरुवातीला अन्यायाचा वाटतो. दोन गाड्या आदळल्या की दोघांच्याही खात्यात दंडाचे गुण पडतात. दोष कोणाचा, हे यंत्रणा पाहत नाही. मागून कोणी येऊन धडकला तरी तुमचा सुरक्षिततेचा दर्जा घसरतो. पण काही काळाने वागणं बदलतं. बरोबर असण्यापेक्षा न आदळणं मोलाचं ठरतं. उतावळा माणूस मागे दिसला की त्याला पुढे जाऊ दिलं जातं.

यामुळे माणूस रस्त्यावर चांगला चालक होतो, असा दावा मी करणार नाही; तो पुन्हा उपयोगाचाच बचाव होईल. उलट बाजूचा आरोप मात्र गंभीर आहे: असल्या खेळांनी वेगाची चटक लागते आणि ती रस्त्यावर उतरते. माझं म्हणणं इतकंच की वेगाला जागा हवी असेल तर ती ट्रॅकवर किंवा पडद्यावर, रस्त्यावर अजिबात नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तिथे पुन्हा सुरू करायचं बटण नव्हतं. ज्याला हा फरक कळत नाही त्याने स्टिअरिंगला, कुठल्याही, हात लावू नये.

या छंदाची एक गोष्ट मला मनापासून खटकते: सामानाची हाव. महागडं स्टिअरिंग, मग त्याला पेलणारा लोखंडी सांगाडा, मग तीन पडदे. खरेदी हाच छंद होऊन बसतो आणि गाडी चालवणं मागे पडतं. हासुद्धा खऱ्याचाच हट्ट. शिवाय ऑनलाइन शर्यत मध्येच थांबवता येत नाही. दाराची बेल वाजली, बाळ रडलं, आईने हाक मारली, तरी गाड्या पळतच राहतात, आणि मग घरातलं दुसरं कोणीतरी उठतं. बहुतेक घरांत ती बाईच असते. एकाच्या करमणुकीची किंमत दुसऱ्याने उठून चुकवायची, हे मला मान्य नाही.

म्हणून या खेळात नव्याने येऊ पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे. साधं, जुनं, कोणी वापरलेलं स्टिअरिंग घ्या आणि ते जेवणाच्या टेबलाला लावा. पैसे घालायचेच तर ब्रेकच्या पेडलवर घाला. एक गाडी, एक ट्रॅक निवडा आणि दोन-तीन महिने तोच चालवा. शर्यतीची वेळ घरच्यांना विचारून ठरवा, आणि आठवड्यातला तेवढाच वेळ तुमच्या जोडीदारालाही तिच्या किंवा त्याच्या आवडीसाठी, विनाहाक, मोकळा मिळेल अशी व्यवस्था आधी करा.