आवळू नका

श्वासाचं मशीन अजून चालू करू नका. मास्कही उशाशी तसाच राहू द्या. आधी आडवे व्हा, रोज झोपता त्याच कुशीवर, रोजच्याच उशीवर. मानवतची रात्र थोडा वेळ नुसती ऐका. डोक्यावर पंखा आहे. परभणीकडून पाथरीकडे जाणारा एखादा ट्रक हायवेवर गिअर बदलतो आहे. कापसाचे दिवस असतील तर उद्याच्या बाजारासाठी निघालेली ट्रॉली खडखडत जाईल. जाऊ द्या तिला.

आता श्वासाकडे या. तो नाकातून आत येतो, टाळूच्या मागून वळतो, घशातून खाली उतरतो. जागेपणी ही वाट आपोआप उघडी असते, कारण घशाचे स्नायू पहाऱ्यावर असतात. झोप लागली की तेही सैलावतात. जीभ थोडी मागे सरकते, पडजीभ आणि मऊ टाळू खाली येतात आणि वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेचा आवाज म्हणजे घोरणं. वाट पुरती मिटली की आवाजही थांबतो. ही शांतता 10 सेकंद किंवा त्याहून जास्त टिकली तर तिला अ‍ॅप्निया म्हणतात. मग मेंदू हिसका देतो, आपण हुंकारून श्वास घेतो आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही.

तुमच्या स्लीप स्टडीच्या कागदावर एक आकडा आहे. दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा फार उथळ झाला, त्याचा तो हिशेब. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. त्या आकड्याशी भांडू नका, नुसता मनात धरा. त्यासाठी तुम्ही बहुधा मानवत रोडवरून गाडी धरली असेल, सेलू, परतूर, जालना करत छत्रपती संभाजीनगर गाठलं असेल आणि अंगाला तारा लावून परक्या खोलीत एक रात्र काढली असेल. एवढं करणारे थोडेच. आपल्याकडे घोरणाऱ्याला गाढ झोपेचा मान मिळतो आणि लग्नघरात त्याची थट्टा होते. पण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीला आलेल्या मध्यमवयीन पुरुषांची झोप मोजली. त्यातल्या 19.5 टक्क्यांच्या झोपेत श्वासाचे अडथळे निघाले आणि 7.5 टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसकट पूर्ण आजार होता. ही 2004 मध्ये छापलेली गोष्ट. पुढे 15 फेब्रुवारी 2022 च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत याच आजाराचं नाव होतं.

एक मोठा श्वास घ्या. सोडा.

मशीन काय करतं, त्याचा विचार सावकाश करू. ते प्राणवायू देत नाही, तुमच्या वतीने श्वासही घेत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने घशात सोडतं आणि त्या हवेच्या आधाराने वाट मिटत नाही, एवढंच. दाब 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याचा. म्हणजे किती? दहावर लावलेल्या मशीनचा दाब म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या पेल्यात काठोकाठ पाणी भरल्यावर तळावर येतो तेवढाच. एवढ्याशा दाबावर घसा रात्रभर उघडा राहतो. कुणी वारंवार सांगितलं तरी हे मनाला पटत नाही, म्हणून पेला डोळ्यांपुढे आणा आणि थोडा वेळ तसाच ठेवा.

ही युक्ती सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांची. 1980 साली त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाला गळ्याला भोक पाडून घ्यायचं नव्हतं आणि त्या काळी तीव्र आजारावर तोच खात्रीचा उपाय होता. सुलिव्हन यांनी उलटा विचार केला आणि नाकातून हवा ढकलली. पाच रुग्णांचा अनुभव 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सुरुवातीच्या मशीनला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. मास्क तर प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन बनवत आणि रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवत. सकाळी सोलून काढायचा, रात्री पुन्हा चिकटवायचा. तरीही ते लोक वापरत राहिले, कारण कित्येक वर्षांनी त्यांना झोप मिळाली होती.

आता मास्क हातात घ्या. डोळे मिटूनच. बोट कडेवरून फिरवा. सिलिकॉनची ती पातळ पाळ किती मऊ आहे बघा. सारी गंमत तिथेच आहे. मशीनची हवा आत भरली की ही पाळ फुगते आणि गालाच्या, नाकाच्या उंचसखलपणावर स्वतःहून टेकते. म्हणजे गळती थांबवायचं काम हवेचं आहे. पट्ट्यांनी फक्त मास्क जागेवर धरायचा. पट्टे आवळले की पाळ दबते, चुरगळते, फुगायला तिला जागाच उरत नाही. मग सुरकुतीतून हवा निसटते, आपण आणखी आवळतो, आणखी निसटते. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ. जू घासून बैलाचा खांदा आला तर कुणब्याला कळतं की बैल वाईट नाही, जू चुकलं आहे, आणि तो जू बदलतो. तुमच्या नाकाचाही एवढा तरी विचार व्हावा.

मास्कचे प्रकार दुकानदार भरपूर दाखवतो. मुळात तीनच. नाकावर बसणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा इवलासा, आणि नाकतोंड दोन्ही झाकणारा. माझं मत विचाराल तर नाक मोकळं असेल त्याने नाकाच्याच मास्कपासून सुरुवात करावी. मोठ्या मास्कची कड लांब, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. मात्र तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याचा घसा नाकाच्या मास्कने सकाळी कोरडाठाक पडतो, आणि नाक कायम चोंदलेलं असेल तर आधी ते डॉक्टरांना दाखवायला हवं. भरघोस मिशी असेल तर नाकाच्या मास्कची खालची कड नेमकी तिच्यावर येते. तिथे नाकपुड्यांचा छोटा मास्क बरा. मिशी उतरवा म्हणणाऱ्याचं आपल्या भागात कोण ऐकणार! मोरणी किंवा चमकी रात्री काढून ठेवावी. अंबाडा उतरवून वेणी सैल घालावी, नाहीतर मागचा पट्टा वर सरकतो. कवळी काढून झोपत असाल तर मास्कही कवळी काढूनच बसवून बघा. दात नसले की गाल आत जातात आणि दिवसा छान बसलेला मास्क रात्री गळतो. पेसमेकर बसवलेल्यांनी लोहचुंबकाच्या क्लिपचा मास्क घेऊच नये. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरीही तो टाळावा.

चेहरा धुतला आहे ना? तेल, पावडर, क्रीम काही नको. आता मास्क लावा. आडवेच राहा. बसून नीट बसलेला मास्क आडवं झाल्यावर हलतो, कारण चेहऱ्याची कातडीही आपल्याबरोबर आडवी होते. पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, सैलसर. मशीन चालू करा. हवा येते आहे. काही करू नका.

कुठून निसटते आहे? डोळ्याकडे गार झुळूक लागते आहे का? पट्ट्याला हात लावायचा नाही. मास्क पुढून धरून चेहऱ्यापासून किंचित उचला, हवा भरू द्या आणि हळूच पुन्हा टेकवा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. नाही झालं तर एका बाजूचा पट्टा जरासा ओढा, मग दुसऱ्या बाजूचा तेवढाच. आता कुशीवर वळा. पुन्हा ऐका. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून येणारी सळसळ म्हणजे गळती नव्हे. सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. ती छिद्रं झाकायची नाहीत. थंडीत वाकळ डोक्यावरून ओढून झोपायची सवय असेल तर आता ती खांद्यापर्यंतच ठेवावी.

श्वास सोडताना समोरून कुणी अडवतंय असं वाटेल. वाटू द्या. ओठ मिटून सोडा, लांब सोडा. मशीनमध्ये दाब कमीपासून हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती लावून घ्या. तरी जीव घाबरला तर मास्क काढा, पाणी प्या, यात हार कसली? दुपारी टीव्हीपुढे बसून अर्धा तास लावून बसा. चेहऱ्याला ओळख जागेपणी होते, रात्री नाही.

आणि लाईट गेली तर? हा प्रश्न इथे प्रत्येकजण विचारतो आणि तो रास्त आहे. नाकतोंड झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते. मशीनची हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. जीव गुदमरून जाणार नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर मशीन त्याच्यावर घ्या आणि लाईट नसताना पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवा, वीज खाणारा तोच. त्यात बोअरचं पाणी ओतू नका, क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर घाला.

सकाळी पाळ ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा मास्क आणि पट्टे साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. कापसाचे तंतू उडण्याच्या दिवसांत मशीनचा फिल्टर जास्त वेळा बघा.

आणि मास्क घ्यायला जाल तेव्हा डब्यावरचा फोटो बघून पैसे देऊ नका. दुकानात बाकडं असेल तर त्यावर आडवे व्हा, तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेल्या दाबावर मशीन चालू करायला लावा, दोन्ही कुशींवर वळून बघा आणि मगच मास्क पसंत करा. लोक हसतील. बसत नसेल तर किती दिवसांत बदलून देणार, हे बिलावर लिहून घ्या.