डाळीत मीठ आहे का?



आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला घरोघरी गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते : "फादर, सून डाळीत मीठच घालत नाही." सून बिचारी गप्प. खोटे कोण बोलते? कोणीच नाही. वय झाले की जिभेची आणि त्याहून अधिक नाकाची जाण मंदावते. काही औषधांनीही तोंडाची चव जाते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि सुकटीतली ती रुचकर 'उमामी' चव, एवढेच कळते. (तिखट ही चव नव्हे, ती जळजळ!) आंबा की फणस, हे सांगते नाक. म्हणूनच २०२० साली कोरोनात वास गेलेल्यांना घास बेचव लागला.

तेव्हा "मला अळणी लागते" हे आजींचे म्हणणे खरे. "डाळ अळणी आहे" हे खरे असेलच असे नाही. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनाच्या सातव्या भागात हाच दाखला घेतात. निरोगी तोंडाला गोड लागणारी भाकर आजाऱ्याला नकोशी होते, तसाच देवाचा न्याय दुर्जनांना रुचत नाही.

तापात तोंड कडू झाले तर ताप आहे हे आपल्याला ठाऊक असते. मनाच्या तापाला थर्मामीटर नाही. भावाशी बांधावरून वर्षानुवर्षे वैर चालले की समेटाचा शब्दच कडू लागतो आणि आपण दोष त्या शब्दालाच देतो.

जीभ मात्र वळते. मीठ कमी केले की सुरुवातीला जेवण जात नाही. काही आठवड्यांनी पूर्वीचेच कालवण खारट लागते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या कोणालाही विचारा.